नेपोलियनच्या पलटणी रंगवायच्या आहेत: २८ मिमी घ्यावं की १५?

आरंभशूर

नमस्कार मंडळी. इतके दिवस नुसता वाचत होतो, आता गरज पडली म्हणून लिहितोय.

मला आणि एका मित्राला टेबलावरच्या लढाया खेळायच्या आहेत. काळ ठरलाय, नेपोलियनचा. तो ब्रिटिश होणार, मी फ्रेंच. मला २८ मिमीच्या कडक प्लॅस्टिकच्या फ्रेंच पायदळाचा एक डबा भेट मिळालाय. शिपाई अजून फ्रेमवरून कापलेले नाहीत. मित्राचं म्हणणं, १५ मिमी घेऊ, म्हणजे लढाई मोठी दिसेल, दहा माणसांची चकमक वाटणार नाही.

दुसरी धास्ती रंगाची. नेटवर जे फोटो दिसतात त्यांत लोकांनी नखाएवढ्या चेहऱ्यावर डोळ्यातली चमकसुद्धा काढलेली असते. हे प्रत्येक शिपायाला करायचं म्हणजे माझं नाव सार्थ होणार. तिसरं, गणवेश. दोन ठिकाणी फ्रेंच शिपायाचे दोन वेगळे कोट दिसले आणि दोन्हीकडे खाली 'नेपोलियनचं पायदळ' असंच लिहिलंय. कोणता खरा?

शिसेबहाद्दर

आधी मापाचं सांगतो, कारण ते एकदा चुकलं की पुढचं सगळं चुकतं.

२८ मिमी ही उंची बहुतेक जण तळपायापासून डोळ्यांपर्यंत मोजतात, कारण डोक्यावर टोपी असते आणि टोपीचा भरवसा नाही. पण काही कंपन्या माथ्यापर्यंत मोजतात. शिवाय पूर्वी जे २५ मिमी म्हणून मिळायचं ते वर्षानुवर्षं फुगत २८ वर आलंय. त्यात डोकी, पंजे आणि बंदुका मुद्दाम जाड करतात, नाहीतर रंगवता येत नाहीत आणि हाताळताना मोडतात. म्हणून दोन कंपन्यांचे '२८ मिमी' शेजारी उभे केले की एक दुसऱ्याचा धाकटा भाऊ दिसतो. एका पलटणीत एकाच कंपनीचे शिपाई ठेवा. पलटणी वेगवेगळ्या असल्या तर फरक कोणाला कळत नाही.

आता हिशेब. १८ फेब्रुवारी १८०८ च्या हुकमाने फ्रेंच बटालियन सहा कंपन्यांची झाली: एक ग्रेनेडियर (निवडक धिप्पाड शिपाई), एक व्होल्तिजर (चपळ, हलके शिपाई) आणि चार फ्युझिलियर (साधे शिपाई). कंपनीत १४० माणसं, म्हणजे कागदावर ८४०. टेबलावर एक शिपाई म्हणजे वीस माणसं धरली तर बटालियनला ४२ लागतात. एक म्हणजे ३५ धरली तर २४. मला २४ आवडतात. ४० मिमीच्या चौकोनी बेसवर (शिपाई चिकटवायच्या तळपट्टीवर) चार शिपाई, दोन पुढे, दोन मागे. असे सहा बेस, एका कंपनीला एक. रांग लावताना ग्रेनेडियर उजव्या टोकाला, व्होल्तिजर डाव्या टोकाला. सगळं आपोआप जुळतं.

या रचनेत २८ मिमीची एक बटालियन २४ सेंमी रुंद होते. सहा फुटी टेबलावर खांद्याला खांदा लावून सात बटालियन बसतात आणि मग हलायला जागा उरत नाही. १५ मिमीत हीच रुंदी साधारण निम्मी. मित्र म्हणतोय त्यात तथ्य आहे. पण तुमचं टेबल केवढं आणि तुम्हाला ब्रिगेड (काही बटालियन) हाकायची आहे की आख्खी कोर (अनेक ब्रिगेड), हे आधी ठरवा. एकेका बाजूला चार-पाच बटालियन, थोडं घोडदळ आणि दोन तोफा एवढ्यावर समाधान असेल तर २८ मिमी उत्तम. बोरोदिनोसारखी प्रचंड लढाई लढायची असेल तर ६ मिमीकडे वळा, १५ सुद्धा मोठं पडेल.

आणि काहीही घ्या, दोघांनी एकाच मापाचे बेस वापरा. हे पहिल्या दिवशी ठरवा. चिकटवलेले बेस उचकटण्यासारखं कंटाळवाणं काम या छंदात दुसरं नाही.

कुंचला

काकांनी माप सांगितलं, मी रंगाचं सांगते.

फोटोतले डोळे विसरा. ते प्रदर्शनासाठी रंगवलेले असतात. एकेका शिपायावर आठवडे घालवतात आणि तो काचेच्या कपाटात जातो. तुमचा शिपाई टेबलावर असणार, तुम्ही तीन फुटांवर उभे असणार आणि तो चोवीस जणांत एक असणार. त्या अंतरावरून टोपीच्या छज्जाखाली डोळे दिसतच नाहीत, तिथे सावली असते. तरी काढलेच तर आख्खी पलटण दचकल्यासारखी दिसते. मी पायदळाला डोळे काढत नाही. अधिकारी आणि झेंडेकरी यांचा अपवाद, तोही मूड असला तर.

तुकडी रंगवायची असते, शिपाई नव्हे. आठ-दहा जण एका वेळी घ्या आणि एक रंग सगळ्यांना लावून मगच दुसरा उघडा. दहाव्याला लावेपर्यंत पहिला वाळलेला असतो. चोवीसच्या चोवीस एकदम घेतले तर तिसऱ्या रंगाला जीव विटतो.

कापल्यावर साच्याच्या दोन भागांच्या सांध्याची रेघ ब्लेडच्या पाठीने खरवडून घ्या. ही पायरी सगळे टाळतात, आणि मग वॉश (खाचांत उतरणारा पातळ रंग) नेमका त्या रेघेवर जाऊन बसतो आणि नाकावरून हनुवटीपर्यंत व्रण दिसतो. कडक प्लॅस्टिकला पॉलिस्टायरिनचं सिमेंट वापरा, ते प्लॅस्टिक विरघळवून जोडतं, सांधा सहसा सुटत नाही. धातू आणि रेझिनला मात्र सुपरग्लू. बरेच जण पाठीवरची पिशवी वेगळी रंगवून मग चिकटवतात. मला ते व्यर्थ वाटतं. जिथे कुंचला पोचत नाही तिथे नजरही पोचत नाही.

प्रायमर (रंगाखालचा पहिला थर) काळा मारा, वाळला की वरच्या बाजूने तिरका, हलका पांढरा. उजेड कुठे पडतो आणि सावली कुठे राहते ते शिपाई स्वतःच दाखवतो. मग कपडे चढवतो त्याच क्रमाने, आतून बाहेर: आधी कातडी, मग पँट आणि कोट, मग पट्टे, शेवटी बंदूक आणि टोपी. आत रंग सांडला तर वरचा थर झाकतो.

फ्रेंच निळा पुस्तकात असतो तसा गडद लावू नका. एवढ्या लहान आकारावर तो काळा दिसतो. एक-दोन छटा उजळ घ्या. पांढऱ्या पट्ट्यांना आधी खाकीकडे झुकणारा करडा, मग मधोमध मळकट पांढरा, आणि कडेला करडी रेघ सुटू द्या. निळ्या कोटावर पट्टा उठून दिसतो तो या रेघेमुळे. शुद्ध पांढरा अगदी शेवटी, एखाद-दुसऱ्या ठिपक्याला. मित्राला सांगा, लाल उजळायचा तर नारिंगीने, पांढरा मिसळला की ब्रिटिश गुलाबी होतात. काळी टोपी गडद करड्याने उजळा.

वॉश तपकिरी घ्या, कातडीवर आणि पिशव्यांवर सढळ, पांढऱ्यावर फक्त घड्यांत. पांढऱ्यावर सगळीकडे फासला तर आख्खी पलटण चिखलातून आल्यासारखी दिसते. (तसं हवं असेल तर गोष्ट वेगळी.)

कुंचल्याबद्दल एक हट्टाने सांगते. नवखे लोक ००० नंबर घेतात. त्याच्या पोटात रंगच मावत नाही, शिपायापर्यंत पोचेस्तोवर टोकावर वाळतो. १ किंवा २ नंबर घ्या, पण टोक सुईसारखं हवं. रंग पत्र्याच्या कडीपर्यंत चढू देऊ नका, तिथे वाळला की टोक फुटलंच. कोलिन्स्की या प्राण्याच्या केसांचे कुंचले टिकतात. विन्सर अँड न्यूटन कंपनीची सिरीज ७ मुळात १८६६ मध्ये राणी व्हिक्टोरियासाठी बनवली गेली, आणि ७ हा तिचा आवडता नंबर म्हणून ते नाव. म्हणजे राणीसुद्धा ००० वापरत नव्हती :)

बटणमोज्या

अखेर माझा प्रश्न आला. दोन्ही कोट खरे आहेत, काळ वेगळे.

जुना कोट छातीवर उघडा, पांढरे लेपल (छातीवरचे दुमडलेले काठ) खाली जाताना मागे वळलेले, आतला पांढरा वेस्टकोट दिसणारा, मागे लांब शेपटं. पायांत गुडघ्यांवर जाणारे काळे गेटर (बुटांवरून चढवायचं कापडी आवरण). जानेवारी १८१२ मध्ये बार्दँच्या नावाने ओळखला जाणारा नियम निघाला. त्यात लेपल कमरेपर्यंत सरळ बंद झाले, शेपटं आखूड झाली आणि गेटर गुडघ्याखाली आले. नियम निघाला म्हणजे कोट मिळाला असं नाही. सैन्यात तो मुख्यतः १८१३ पासून दिसतो. तेव्हा तुमच्या डब्यावर कोणती वर्षं छापली आहेत ते पाहा. जुन्या कोटातले शिपाई घेऊन वाटर्लू खेळायला निघालात तर मी येऊन उभा राहीन.

ग्रेनेडियरांना लाल तुरे आणि खांद्यावर लाल झालरीचे एपोलेट. व्होल्तिजरांना पिवळी कॉलर आणि पिवळ्या-हिरव्याचा खेळ. फ्युझिलियरांच्या खांद्यावर साध्या पट्ट्या, पण टोपीवरचे गोंडे कंपनीवार: पहिली गडद हिरवा, दुसरी आकाशी, तिसरी नारिंगी, चौथी जांभळा. शिसेबहाद्दर म्हणतात तसे कंपनीला एक बेस ठेवलात तर हे गोंडे झकास दिसतात, आणि खेळताना कंपनी ओळखायलाही सोपं जातं.

पांढरे फ्रेंचही रंगवता येतात हे कितीजणांना माहीत आहे? ब्रिटिशांच्या समुद्री नाकेबंदीने नीळ मिळेनाशी झाली, तेव्हा १८०६ मध्ये नेपोलियनने पायदळाला पांढरे कोट देण्याचा हुकूम काढला. काही रेजिमेंटना ते मिळालेही, प्रत्येकीच्या कॉलर-कफाचा रंग निराळा. १८०७ मध्ये प्रकरण गुंडाळलं आणि पुन्हा निळा आला. एवढ्या एका वर्षासाठी एक पांढरी बटालियन करायचा मोह मला आवरत नाही.

मित्रासाठी: ब्रिटिश साध्या शिपायाचा लाल हा मंजिष्ठेच्या जातीच्या मुळापासूनचा, विटकरीकडे झुकणारा. अधिकाऱ्यांचा आणि सार्जंटांचा कोचिनील किड्यापासूनचा, भडक. दोन वेगळ्या बाटल्या घ्यायला सांगा. रंगानेच अधिकारी वेगळा दिसेल.

धुळवड

आला बघा गोंड्यांचा हिशेब. आरंभशूर, पळा!

गंमत सोडा, पण मला एक सांगा. १८२४ मध्ये राइसविट्झ नावाच्या प्रशियन लेफ्टनंटाने आपला युद्धखेळ जनरल स्टाफचा प्रमुख म्युफलिंग याला दाखवला आणि प्रशियाच्या सैन्याने तो अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी उचलला. त्यात एक तरी शिपाई होता का? नकाशा आणि त्यावर खुणा केलेले ठोकळे, बस. ज्यांना खरंच लढायचं होतं त्यांना गोंडे लागले नाहीत. आपल्याला कसे लागतात?

निळा कोट, पांढरी पँट, काळी टोपी, तपकिरी वॉशमध्ये बुडवा, बेसला गवत चिकटवा आणि खेळा. न रंगवलेल्या शिपायांचा जो ढीग प्रत्येकाच्या घरी साठतो ना, त्यातले बरेचसे या बटणांच्या भीतीने तिथे पडलेत.

बटणमोज्या

ठोकळेच हवे असतील तर ठोकळ्यांनी खेळा, कोण अडवतंय? शिपाई घेतलाय म्हणजे तो कोणीतरी आहे. तो कोण, एवढंच मी विचारतोय.

आणि लहान शिपायांनी मोठी माणसं कशी अस्वस्थ होतात याचं उदाहरण हवं असेल तर सिबॉर्नचं घ्या. विल्यम सिबॉर्न या ब्रिटिश अधिकाऱ्याला वाटर्लूची प्रतिकृती करायचं काम मिळालं. १८३० मध्ये तो ला हे सेंत या शेतघरात आठ महिने राहून जमीन मोजत होता. मग लढाईत हजर असलेल्या अधिकाऱ्यांना पत्रं पाठवून विचारलं, संध्याकाळी सातच्या सुमाराला तुमची पलटण कुठे होती, समोर कोण होतं. सरकारने मध्येच पैसा थांबवला, त्याने स्वतःच्या खिशातून पुरं केलं. १८३८ मध्ये लंडनमध्ये ती लोकांपुढे आली तेव्हा तीत १० मिमीचे सत्तर हजारांहून जास्त शिपाई होते. वाद कशावरून झाला? त्या घटकेला प्रशियन किती पुढे आले होते यावरून. ब्रिटिश सेनापती वेलिंग्टनला ती मांडणी रुचली नव्हती, कारण प्रशियनांचा वाटा त्यात जास्त दिसत होता. १० मिमीचे कथील-शिशाचे शिपाई, पण कुठे उभे केले यावर विजय कोणाचा ते ठरत होतं. आजही ती प्रतिकृती लंडनच्या नॅशनल आर्मी म्युझियममध्ये आहे.

धुळवड

हे मस्त सांगितलंस. पण वाद ते कुठे उभे होते यावर झाला, गोंडा कोणत्या रंगाचा यावर नाही. माझंच म्हणणं सिद्ध झालं.

कुंचला

दोघे भांडा, मी मधून जाते.

तीन फुटांवरून काय दिसतं याची माझी यादी आहे: टोपीचा आकार, पट्ट्यांची फुली, कॉलर-कफाचा रंग, झेंडा आणि बेस. यात अचूक राहा. बटणं पितळी की जस्ती, हे पाठ फिरवली की कोणी विचारत नाही. गोंडे दिसतात, कारण ते सगळ्यात वर असतात आणि भडक असतात. बटणमोज्याला तेवढे गुण.

उलट मोहिमेवरचे शिपाई रंगवायचे असतील तर नियमपुस्तक अर्धं मिटावं लागतं. ओव्हरकोट करडे, तपकिरी, मळकट पिवळे, हाती लागेल त्या कापडाचे. टोपीवर मेणकापडाची खोळ. पँट स्थानिक कापडाची, ठिगळाची. एका पलटणीत पाच वेगळे तपकिरी वापरलेत तर ती जास्त खरी दिसते आणि रंगवायलाही सोपी जाते. आरंभशूर, घाई असेल तर ओव्हरकोटातले फ्रेंच घ्या, लेपलच नाहीत.

आरंभशूर

सगळ्यांचे आभार. डब्यावर १८०७ ते १८१४ असं आहे आणि आत दोन्ही प्रकारची धडं आहेत. मित्राने प्रतिसाद वाचून २८ मिमी मान्य केलं, टेबल सहा बाय चारचं आहे. आम्ही चार-चार बटालियनवर थांबणार. कोट जुना धरतोय, स्पेनमध्ये खेळू.

ओसाडगावकर

जरा अवांतर. घरात जुने शिशाचे शिपाई निघाले, बोटाएवढे उंच, पोकळ. लाकडी पेटीत होते. काहींवर पांढरी भुकटी आलीय. बुरशी आहे का? पुसून पुन्हा रंगवू का?

शिसेबहाद्दर

पुन्हा रंगवू नका!!

बोटाएवढे आणि पोकळ म्हणजे बहुधा ५४ मिमीचे. १८९३ मध्ये इंग्लंडच्या ब्रिटन्स कंपनीने पोकळ ओतकामाची युक्ती चालवली: वितळलेला धातू साच्यात ओतायचा, बाहेरचा थर गोठला की आतला पुन्हा ओतून काढायचा. धातू कमी लागतो, म्हणून शिपाई स्वस्त झाले. लेखक एच. जी. वेल्सने १९१३ मध्ये घरच्या जमिनीवर खेळायचे नियम छापले ते असल्याच शिपायांसाठी, आणि त्यात स्प्रिंगच्या खेळण्यातल्या तोफेने खरोखर गोळी मारून शिपाई पाडायचे. तुमचेही अनेकदा पडलेले असतील. मूळ रंग कितीही उडालेला असला तरी संग्राहकाला तोच हवा असतो.

भुकटी बुरशी नव्हे. लाकडातून, विशेषतः ओकमधून, आणि पुठ्ठ्यातून ॲसेटिक आम्लाची वाफ निघते. बंद जागेत ती शिशाला खाते आणि शिशाचं कार्बोनेट तयार होतं. ते विषारी आहे. हातमोजे घाला, कोरडं झटकू नका, ओलसर कापडाने टिपा, कापड फेकून द्या, हात धुवा. मुलांना लांब ठेवा. मग शिपाई लाकडी पेटीतून काढून हवा खेळेल अशा धातूच्या किंवा काचेच्या कपाटात ठेवा. आणि रंगकाम करणाऱ्या सगळ्यांसाठी: कुंचल्याचं टोक जिभेवर फिरवायची सवय असेल तर आजच सोडा.

टाप

घोड्यांचं कोणी काहीच बोललं नाही. मला ड्रॅगून (घोडदळातले शिपाई) करायचे आहेत आणि सगळे घोडे एकाच तपकिरी रंगाचे दिसतात.

कुंचला

घोड्यांना तैलरंग. आधी ॲक्रिलिकचा उजळ थर, गेरू, नारिंगी, फिका तपकिरी, घोड्याघोड्याला वेगळा. तो पूर्ण वाळला की वरून गडद तपकिरी तैलरंग सगळीकडे फासा, थोडा वेळ थांबा आणि स्पंजाच्या तुकड्याने पुसा. स्नायूंच्या उंचवट्यावरचा निघतो, खोलगटात राहतो. हातात कला नसली तरी घोडा उठून दिसतो. वाळायला दिवस लागतात, तेवढा धीर धरा.

बे रंगाचा घोडा तपकिरी असला तरी आयाळ, शेपूट आणि पायांचा खालचा भाग काळा. चेस्टनट (तांबूस) घोड्याची आयाळ अंगाच्याच रंगाची. सगळ्यांना पांढरे मोजे घालू नका, एखाद्याला एका पायात पुरे. करड्या घोड्याला शुद्ध पांढरा नको. तुतारीवाल्याला करडा घोडा द्या, बऱ्याच सैन्यांत तशी पद्धत होती आणि तुकडीत तो लगेच सापडतो.

आरंभशूर

पहिली बटालियन उभी राहिली. डोळे काढले नाहीत. आधी चकचकीत व्हार्निश, वर मॅट, असं कुठेतरी वाचलं, बरोबर ना? आणि झेंडे छापून घेतलेत. दोन बटालियन एकाच रेजिमेंटच्या धरल्या आहेत. दुसरीलाही ईगल (झेंड्याच्या काठीवरचा गरुड) लावू का? चिकटवायच्या आधी विचारतोय.

कुंचला

व्हार्निश बरोबर. चकचकीत कठीण असतं, बोटांचा घासा सहन करतं, मॅट फक्त चमक मारतं. हवा दमट असेल तर मॅट स्प्रे करू नका, पांढरट पापुद्रा धरतो. झेंड्याच्या कागदाची कापलेली कड त्या-त्या रंगाने रंगवा, नाहीतर पांढरी रेघ लांबूनही दिसते. गोंद ओला असतानाच घड्या घाला.

बटणमोज्या

दुसरीला ईगल नको. त्याच १८०८ च्या हुकमानंतर रेजिमेंटला एकच ईगल, तो पहिल्या बटालियनकडे. बाकीच्यांना साधी निशाणं, दुसरीचं पांढरं, तिसरीचं लाल, चौथीचं निळं. आणि पहिलीचा झेंडाही तपासा. स्पेन धरलंय तर १८०४ चा नमुना हवा, मध्ये पांढरा समभुज चौकोन आणि कोपऱ्यांत निळे-लाल त्रिकोण. उभ्या तीन पट्ट्यांचा छापला असेल तर तो १८१२ चा आहे.

आरंभशूर

उभ्या तीन पट्ट्यांचाच आहे.

धुळवड

लाव रे. माझ्या चारही बटालियनला ईगल आहेत आणि अजून एकही ब्रिटिश हसलेला नाही.

बटणमोज्या

समोर मी बसलेलो नव्हतो म्हणून. आरंभशूर, नवा झेंडा छापायला किती वेळ लागतो?